आखातातल्या शाळेतून सुट्टीवर गावी: कोणतं काम आधी, कोणतं शेवटी

शारजा, दुबई, अबुधाबीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी लागते आणि ऑगस्ट संपतासंपता शाळा पुन्हा भरतात. ओमानमध्ये हेच चक्र थोडं अलीकडे सरकलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे शिक्षकांची, आठ आठवडे! त्यातून निकालाची कामं, शाळा भरण्याआधीच्या मीटिंगा आणि प्रवासाचे दिवस वजा करा. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवार गेले. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. मध्ये पंधरा ऑगस्ट, सणवार, आणि पावसाने अडवलेले दोन-तीन दिवस. खिडकीसमोर उभं राहून काम होईल असे दिवस जेमतेम तीस उरतात.

या तीस दिवसांचं मुख्य काम एकच, असं माझं मत आहे. पुढचे दहा महिने गावचं घर आपल्यावाचून अडू नये, एवढी व्यवस्था लावून परत जायचं. झोप, मासे, गप्पा, आठळ्यांची भाजी हे त्याच्या आजूबाजूने होतच राहतं. म्हणून कामं महत्त्वाप्रमाणे न लावता वेळखाऊपणाप्रमाणे लावा. ज्या कामात आपण अर्ज करून नुसती वाट बघायची असते, ते सगळ्यात आधी. जे एका सकाळी उरकतं, ते शेवटी.

मी हे शारजा आणि चिपळूण या दोन टोकांवरून लिहिते आहे. तुमचं टोक मस्कत आणि सावंतवाडी असेल, दोहा आणि सांगली असेल. तपशील बदलेल, क्रम फारसा बदलणार नाही.

निघण्याआधी, तिकडेच

अमिरातीत घरभाडं पुढच्या तारखांच्या चेकने द्यायची पद्धत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोणता चेक वटणार आहे ते करारात बघा आणि तेवढी रक्कम खात्यात बाजूला ठेवूनच विमानात बसा. तिथे चेक परत जाणं हा साधा विषय नसतो, आणि तो गावच्या रेंजमध्ये उभं राहून फोनवर सोडवणं तर नकोच.

गाडी त्या उन्हात दोन महिने हलली नाही तर बॅटरी बसते. सुट्टीत तिकडेच राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडे किल्ली द्या, आठवड्यातून एकदा सुरू करायला सांगा. झाडांचं पाणीही त्याच्याच गळ्यात मारता येतं.

निवासी परवान्याची आणि पासपोर्टची मुदत जानेवारीतच बघून ठेवा. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर अमिरातीचा निवासी व्हिसा सहसा बाद होतो, पण सुट्टीवर जाणाऱ्याची खरी पंचाईत वेगळी असते. सुट्टीच्या मधोमध मुदत संपणारा परवाना किंवा सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेला पासपोर्ट. पासपोर्ट तिकडूनच नवा करून घ्या. गावी येऊन पोलीस पडताळणीची वाट बघत बसलात तर सुट्टीचा निम्मा जीव त्यात जातो.

दोन्ही सिमकार्डं जिवंत हवीत. तिकडच्या बँकेचा ओटीपी इथे आला पाहिजे, म्हणून रोमिंग चालू आहे ना ते तपासा. भारतातलं सिम नव्वद दिवस काहीच न वापरता पडून राहिलं तर बंद होऊ शकतं. ते बंद पडलं की आधार, बँक, आयकर अशी सगळी दारं एकदम बंद होतात. स्वस्तातलं रिचार्ज वर्षभर चालू ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

आता खरेदी. टँग, निडो, ॲक्स ऑइल, चॉकलेटच्या पिशव्या ही यादी आमच्या आधीच्या पिढीची. आज यातलं बहुतेक सगळं चिपळूणच्या बाजारात मिळतं. तरी रिकाम्या हाताने जाता येत नाही हेही खरं. चांगला खजूर, अत्तराची छोटी बाटली, लहानांना पेन आणि रंग एवढ्यात भागतं. सोन्याचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये भारतात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा ‘दुबईचं सोनं स्वस्त’ या म्हणण्यातली बरीच हवा गेली. घेण्याआधी त्या दिवसाचे दोन्हीकडचे दर आणि घडणावळ मांडून बघा. वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत दागिने शुल्काशिवाय आणता येतात. दागिने म्हणजे दागिनेच; नाणी आणि बिस्किटं त्यात बसत नाहीत. उलट, भारतातून जड दागिने घालून परत निघणार असाल तर विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला ते आपलेच आहेत हे पटवत बसावं लागत नाही.

पहिला आठवडा: ज्यांना वाट बघावी लागते ती कामं

पहिल्या सोमवारी सकाळी दहाला घराबाहेर पडा. रविवारी रात्री कितीही उशीर झाला असला तरी. ‘आताच तर आलीस, बस जरा’ हे आईचं म्हणणं बरोबरच आहे, पण तलाठ्याला ते लागू नाही.

पहिलं काम पदव्यांच्या साक्षांकनाचं. नोकरी बदलायची असो, शिक्षक परवाना घ्यायचा असो की बी.एड. आत्ताच पूर्ण झालेलं असो, अमिरातीत चालणाऱ्या कागदावर ठरलेल्या क्रमाने शिक्के लागतात. आधी राज्याचा, म्हणजे मंत्रालयातल्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा. मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि शेवटी परत गेल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. कुवेत आणि कतारलाही वकिलातीचा टप्पा चुकत नाही. ओमान, बहारीन आणि सौदी हे अपोस्टिल करारातले (एकमेकांच्या कागदांवरचा एकच शिक्का मानणारे) देश असल्याने तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलवर भागतं, वकिलातीची फेरी वाचते. सगळी साखळी पूर्ण व्हायला आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात कागद हातातून सुटलाच पाहिजे. परराष्ट्र मंत्रालयाचं काम नेमलेल्या एजन्सींमार्फत चालतं. एजन्सी त्या यादीतली आहे का ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा, मूळ पदवी देताना क्रमांकासकट पावती घ्या आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

यातली एक अडचण घरोघरी सापडते. वडिलांनी प्रेमाने दहावीचं सर्टिफिकेट आणि पदवी लॅमिनेट करून ठेवलेली असते. शिक्का उमटतो कागदाच्या पाठीवर. प्लास्टिकवर तो बसत नाही आणि अर्ज परत येतो. प्लास्टिक घरी सोलायला जाऊ नका, शाई त्याच्याबरोबर निघून येते. विद्यापीठाकडे किंवा बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करा. त्यालाही वेळ लागतो, म्हणून कपाट पहिल्याच संध्याकाळी उघडायचं.

जुलैमध्ये इथल्या शाळा-कॉलेजं चालू असतात, हा आपला मोठा फायदा. ट्रान्स्क्रिप्ट, जुन्या शाळेतला अनुभवाचा दाखला, त्यावर मुख्याध्यापकांची सही, कुठे मागितली तर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, हे मे महिन्यात कधीच झालं नसतं. जुन्या शाळेत दाखल्यासाठी जाताना मधल्या सुट्टीच्या थोडं आधी जा. क्लार्कही भेटतो आणि जुने सहकारीही.

दुसरं काम जमिनीचं. आजोबा जाऊन वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच, हे कोकणात नवल नाही. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) लागतो. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो, पण एकदा तलाठी कार्यालयात जाऊन कागद बरोबर आहेत ना हे विचारून या. फेरफार, म्हणजे नावबदल, नोंदला की संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. गणित सरळ आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज गेला तर कागदात काही खोट निघाली तरी दुरुस्तीला तुम्ही हजर असता. पंधरा ऑगस्टनंतर गेला तर पाठपुरावा शारजाहून. वारसांत बहिणी असतील तर त्यांची नावं गाळायचा सल्ला देणारे गावात भेटतीलच; ऐकू नका. ती नोंद पुढे कोर्टात उभी राहते, आणि मुळात ते चूक आहे.

शेतजमीन वारशाने आपल्याकडे येऊ शकते, ठेवताही येते. पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बाग किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. ‘कलमांची बाग स्वस्तात निघाल्ये, तुझ्या नावावर घे, दुबईचे पैसे कशाला कुजवतेस’ असं कोणी ना कोणी ओटीवर येऊन सांगतंच. चहा पाजा आणि नाही म्हणा.

मोजणी पावसात होत नाही. चिखलात, गुडघाभर भातात मोजणीदार उतरणार नाहीत. अर्ज आणि शुल्क भरून ठेवा, तारखेला हजर राहायला भावाला किंवा चुलत्याला अधिकार द्या. ई-पीक पाहणी मात्र तुमच्या सुट्टीतच येते. खरिपाची नोंद साधारण ऑगस्टपासून सुरू होते आणि ॲपवर फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. वडिलांना जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला शिकवून ठेवा. पुढे नुकसानभरपाईची वेळ आली की हीच नोंद विचारतात.

तिसरं, मुखत्यारपत्र. घरपट्टी, वीजमीटर, सोसायटीची कामं, भाडेकरू यासाठी कोणालातरी अधिकार लागतो. इथे असतानाच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्या. परदेशातून करायचं तर वकिलातीत सही करावी लागते आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. कोणावर कितीही विश्वास असला तरी ‘सर्व अधिकार’ देणारं कुलमुखत्यारपत्र करू नका. कोणती मालमत्ता, कोणती कामं, किती मुदत हे लिहा. विक्रीचा अधिकार त्यात असू नये. भावाला याचा राग येत नाही. आलाच, तर तो आत्ताच आलेला बरा.

बँक आणि कर

गावच्या शाखेतलं जुनं बचत खातं तसंच वापरत राहिलेले शिक्षक मला स्टाफरूममध्ये अजून भेटतात. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी झाल्यावर ते खातं एनआरओमध्ये, म्हणजे इथल्या उत्पन्नासाठीच्या अनिवासी खात्यात, बदलून घ्यावं लागतं. तिकडून पाठवलेल्या पगाराच्या पैशांसाठी एनआरई खातं वेगळं ठेवा. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे. एनआरओवरच्या व्याजातून मात्र ३० टक्के आणि त्यावरचा उपकर धरून ३१.२ टक्के कर मुळातच कापला जातो. इथलं भाडं, वडिलोपार्जित शेतीचे पैसे, जुन्या ठेवी हे एनआरओत, पगार एनआरईत, एवढं डोक्यात पक्कं केलं तर निम्मे घोटाळे टळतात.

शाखेत एकदाच जायचं असेल तर पासपोर्ट, निवासी परवाना, तिकडच्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो बरोबर न्या. त्याच फेरीत केवायसी अद्ययावत करा, नामनिर्देशन बघा (नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात), आणि घरखर्चासाठी वडिलांना एनआरओ खात्यावर मँडेट, म्हणजे खातं चालवायचा अधिकार, द्या. म्हणजे औषधांच्या बिलासाठी त्यांना दर वेळी तुमच्या फोनची वाट बघावी लागत नाही. अमिराती, सौदी, ओमान, कतार यांसारख्या देशांतल्या मोबाइल क्रमांकावरही आता एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालतं. तुमची बँक ते देते का ते विचारून घ्या.

पीपीएफ अनिवासी असताना नव्याने उघडता येत नाही. आधीचं असेल तर १५ वर्षांच्या मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. पोस्टातल्या नव्या बचत योजनाही बंद समजा. पोस्टमास्तर ओळखीचे असले तरी.

कराच्या बाबतीत दिवस मोजायचे ते एप्रिल ते मार्च. एका आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत असेल तर साधारणपणे अनिवासी दर्जा टिकतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेल्यांना ही मर्यादा १२० दिवसांची आहे. उन्हाळी आणि डिसेंबरची सुट्टी मिळून शिक्षक सहसा याच्या बराच आत असतो. घरच्या आजारपणासाठी बिनपगारी रजा काढली त्या वर्षी मात्र पासपोर्टवरचे शिक्के मोजून बघा. विवरणपत्राची नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै, म्हणजे ऐन सुट्टीत. अनिवासी माणसाला आयटीआर-१ चालत नाही. पगार-व्याज-भाडं एवढंच असेल तर आयटीआर-२. एनआरओवरचा कापलेला कर परत मिळण्यासारखा असेल तर हे दोन तास सत्कारणी लागतात.

आईवडिलांची तपासणी: दुसरा आठवडा, चौथा नव्हे

तपासणी करून निकाल आला, निकालावरून काही निघालं, त्यावर उपाय करायचा, उपाय लागू पडतोय का बघायचं, हे सगळं आपण असताना व्हावं असं वाटत असेल तर रक्त दुसऱ्या आठवड्यात द्यायला हवं. बहुतेक जण ‘पाहुणे होऊन जाऊदेत’ म्हणत ऑगस्टपर्यंत ढकलतात आणि रिपोर्ट हातात आला की बॅग भरायला घेतात.

मोतीबिंदूचंच बघा. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची, त्याच दिवशी घरी. पण पुढे चारेक आठवडे दिवसातून कितीदा तरी डोळ्यात थेंब घालायचे असतात, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. वडील हे स्वतः पाळणार नाहीत. दोन्ही डोळे असतील तर दोन शस्त्रक्रियांमध्ये अंतर ठेवतात. जुलैच्या मध्यात पहिला डोळा झाला तरच थेंबांचं वेळापत्रक तुमच्या देखरेखीखाली संपतं.

त्यांच्या औषधांची एक वही करा. गोळीचं नाव, ताकद, कशासाठी, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर. मोठ्या अक्षरात, मराठीत. एक प्रत फ्रीजवर, एक शेजाऱ्यांकडे, एक तुमच्या फोनमध्ये. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दिलेलं आहे, हे ही वही लिहितानाच सापडतं.

वडील-आई ७० वर्षांचे झाले असतील तर उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं; योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधारवरून केवायसी होते, म्हणून आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे ना ते आधी बघा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते चालतं हेही त्याच वहीत लिहा. वडील निवृत्त शिक्षक असतील तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. जीवन प्रमाण या सरकारी सेवेत आता चेहरा दाखवून तो घरबसल्या निघतो. ॲप फोनवर टाकून, चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून कसं उभं राहायचं याची तालीम आत्ताच घ्या.

स्वतःचे दातही याच आठवड्यात. तिकडच्या विम्यात दात बहुधा नसतात किंवा नावापुरते असतात, आणि रूट कॅनॉल-कॅप म्हणजे तीन-चार फेऱ्या आल्याच.

सासर, माहेर आणि बाकीचे सगळे

यावर लिहावं तेवढं थोडं, म्हणून थोडंच लिहिते. दिवसांची वाटणी तिकीट काढतानाच ठरवा आणि दोन्ही घरी एकाच दिवशी सांगा. ‘बघू’ म्हटलं की दोन्हीकडे आपणच वाईट. कार्यालयीन कामं ज्या तालुक्यात, तिथे सोमवार ते शुक्रवार. दुसऱ्या घरी शनिवार-रविवार आणि एक सलग आठवडा. बाईचं सगळं कामकाज सासरच्या गावी आणि माहेर म्हणजे नुसतं जेवायला, असं होऊ देऊ नका. माहेरच्या आईचा रक्तदाबही तपासायचा असतो.

भेटीगाठी रोज एक घर अशा न करता एकदा सगळ्यांना जेवायला बोलवा. आषाढात लग्नं फारशी नसतात, लोक मोकळे असतात. श्रावण लागायच्या आत बोलावलंत तर मेनूवरून वादही नाही. वयस्कर आत्या, आजारी काका, वर्षभरात कोणी गेलं ते घर, एवढ्या ठिकाणी मात्र स्वतः जायचं, आणि घड्याळ न बघता बसायचं.

गणपतीचं आधीच स्वीकारलेलं बरं. अधिक महिना असलेल्या वर्षी चतुर्थी सप्टेंबरात जाते. २०२६ ची १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा शाळा भरून दोन आठवडे झालेले असतील. २०२५ सारखी २७ ऑगस्टला आली तरी शिक्षकाची परतीची तारीख आडवी येते. एक दिवस जास्त गावी थांबू देण्याची विनंती मुख्याध्यापकांना करायची असेल तर ती जूनमध्ये करा, गावाहून फोनवर नाही.

बॅग: खसखशीपासून सावध

परतीच्या बॅगेचं काम शेवटच्या रात्री नको. आठवडाभर आधी रिकामी बॅग खोलीत उघडी टाका, येणारा जाणारा त्यात काहीतरी ठेवतोच. तीन दिवस आधी ती सगळी बाहेर काढून निवड करा.

सगळ्यात महत्त्वाचं, खसखस. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि तो अमली पदार्थांचा विषय धरला जातो, ‘स्वयंपाकाला आणली’ हे उत्तर चालत नाही. आपण खसखशीची पुडी नेत नाही, पण ती आपल्या नकळत जाते. अनारशावर असते. मालवणी मसाल्यात भाजून दळलेली असते, कांदा-लसूण मसाल्यातही घालतात, कोणाच्या बाळंतलाडवात असते. म्हणून मसाला डंकावर न्यायच्या आधी आईच्या शेजारी बसा. धणे, मिरची, बडीशेप, दगडफूल, नागकेशर असं सुपात मांडलेलं असतं, त्यातली खसखशीची वाटी बाजूला काढा आणि तुमचा वाटा वेगळा दळून घ्या. आमच्या घरी डब्यावर चिकटपट्टी लावून ‘बिनखसखस’ लिहिलेलं असतं. डंकावर आधी कोणाचा मसाला दळला ते विचारा. आई म्हणेल चव येत नाही. थोडं पांढरं तीळ वाढवलं की दाटपणा येतो.

विड्याची पानंही नेऊ नका, दुबई कस्टम्सच्या बंदी यादीत आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातल्या तेलाने आग पकडतात. कापूरही नाही. पूजेच्या पिशवीत या तिन्ही वस्तू एकत्र सापडतात, म्हणून ती पिशवी सासूबाईंनी भरली असेल तरी एकदा उघडून बघा.

औषधांचं तितकंच जपा. इथे कंबरदुखीसाठी सर्रास लिहून देतात ते प्रीगाबालिन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेसाठीची अल्प्राझोलाम, ही अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत. तिथल्या आरोग्य मंत्रालयाची पूर्वपरवानगी ऑनलाइन घेतल्याशिवाय नेऊ नका. साधी औषधंही मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, स्वतःपुरती न्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या कोणाच्या मेहुण्याची पाठवलेली पुडी घेऊ नका. यात भीड चालत नाही.

मग न्यायचं काय? कोकम, कुळथाचं पीठ, मोदकाचं तांदळाचं पीठ, मेतकूट, भाजणी, तळलेले गरे, आंबापोळी. पिठं दुकानाच्या छापील पाकिटात असतील तर बरं. बिननावाच्या पांढऱ्या पुड्यांवर स्कॅनरसमोर प्रश्न येतातच. सुकट-बोंबील न्यायचे तर तीन पिशव्यांत, हवा काढून, आणि कपड्यांच्या बॅगेत नाही. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर पैसे भरूनही घेत नाहीत, म्हणून लटकवायचा वजनकाटा घरातच ठेवा. मराठी पुस्तकं जड असतात, ती हातातल्या बॅगेत, आणि मुलांच्या पाठीवर.

साक्षांकित पदव्या, मूळ कागद, दागिने, चाव्या हे सगळं स्वतःजवळ.

परतीचा प्रवास

रात्रीचं विमान असलं तरी कोकणातून त्याच दिवशी निघू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालतात. परशुराम घाटात दरड आली की महामार्गाचा भरवसा नाही, आणि मुंबईत भरती आणि पाऊस एकत्र आले तर विमानतळाचा शेवटचा तासाचा रस्ता तीन तासांचा होतो. आदल्या दिवशी ठाण्या-दादरच्या नातेवाइकांकडे मुक्काम ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, पण त्या गावाकडे येणाऱ्या असतात. आपण उलट्या दिशेने निघालेलो असल्याने जागा सहसा मिळते.

शाळा भरण्याच्या आदल्या रात्री उतरणारं विमान स्वस्त असतं. घेऊ नका. तीन दिवस आधी पोचा. वेळेतला फरक दीडच तासाचा आहे, पण पहाटे पावणेसहाच्या बसची सवय मोडलेली असते. शिवाय घरात धूळ, फ्रीज रिकामा, गाडी धुवायची.

पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात

पदवीवरचा शेवटचा शिक्का, तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, लगेच घ्या आणि प्रत शाळेच्या एचआरकडे देऊन पोच घ्या. फेरफार मंजूर झाला का ते ऑनलाइन बघा, झाला असेल तर डिजिटल सहीचा नवा सातबारा काढून भावंडांच्या ग्रुपवर टाका, नावाची अक्षरं आणि हिश्शाचे आकडे प्रत्येकाला तपासायला सांगा. चूक लवकर दाखवली तर दुरुस्ती सोपी जाते. विजेचं पहिलं बिल आपोआप भरलं गेलं का, वडिलांना मँडेटवर पैसे काढता आले का, हेही याच पंधरवड्यात कळतं. अडलं असेल तर शाखेतल्या ज्या माणसाशी तुम्ही समोर बसून बोललात, त्याला ते अजून आठवत असतं.

आणि जानेवारीत, डिसेंबरची सुट्टी संपली की लगेच, पुढच्या जुलैची तिकिटं. मार्चनंतर त्यांचे दर बघवत नाहीत.